सार्वत्रिक सेवा (दूरसंचार)

सार्वत्रिक सेवा : देशातील प्रत्येकाला, तो कोठेही राहत असो व त्याची ऐपत कितीही असो, दूरसंचाराची किमान सेवा परवडेल अशा दरात मिळावी, यासाठी राज्यसंस्थेने सेवा पुरवठादारांवर घातलेले बंधन आणि त्याच्या खर्चाची केलेली तजवीज. किमान सेवेची व्याप्ती काळानुसार बदलली आहे. आरंभी घरातील दूरध्वनी, गरीब देशांत गावातील एखादा सार्वजनिक दूरध्वनी आणि अलीकडे ब्रॉडबँड असा तिचा प्रवास आहे. फिनलंडमध्ये १ जुलै २०१० रोजी सेकंदाला १ मेगाबिट वेगाची जोडणी हा कायदेशीर हक्क ठरला; ही वेगमर्यादा पुढे वाढविण्यात आली.

उगम : या कल्पनेचा उगम वादग्रस्त आहे. काही जण तो ब्रिटनमधील रोलंड हिल यांच्या टपाल सुधारणेत (१८४०) शोधतात. तीनुसार अंतर कितीही असले, तरी पत्राला एकच दर पडू लागला. मात्र तेथे शासन स्वतःच सेवा पुरवीत होते. खाजगी कंपनीला बांधून घेण्याची पद्धत अमेरिकेत रुजली. तिचे श्रेय सामान्यतः एटी अँड टी या कंपनीचे अध्यक्ष थिओडोर व्हेल यांना दिले जाते. ‘एक धोरण, एक यंत्रणा, सार्वत्रिक सेवा’ ही त्यांची घोषणा १९०७–०८ च्या सुमाराची असून, १९३४ च्या संदेशवहन कायद्याने तिला मूर्त रूप दिले, असे प्रचलित कथन सांगते.

दूरसंचार धोरणाचे अभ्यासक मिल्टन म्यूलर यांनी १९९० च्या दशकात या कथनाला आव्हान दिले. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची दूरध्वनीची मूळ एकस्वे (पेटंट) १८९३–९४ मध्ये संपली आणि गावोगावी स्वतंत्र दूरध्वनी कंपन्या निघाल्या. एकाच शहरात दोन कंपन्यांची जाळी असत. ती एकमेकांना जोडलेली नसत. व्यापारी व डॉक्टर भिंतीवर दोन दूरध्वनी लावून घेत आणि दोन बिले भरत. ज्याला एकच परवडे, त्याला शहरातील कोणत्या ग्राहकांशी बोलायचे, हे आधीच ठरवावे लागे. म्यूलर यांच्या मते व्हेल यांचा रोख या दुभंगावर होता. घरोघर स्वस्त दूरध्वनी हे त्यांचे उद्दिष्ट नव्हते आणि सर्व ग्राहक एका जाळ्यात आणण्याचा त्यांचा मार्ग मक्तेदारीचा होता. १९२१ च्या कायद्याने दूरध्वनी कंपन्यांच्या विलीनीकरणाला मोकळीक मिळून तो प्रशस्त झाला. १९३४ च्या कायद्याच्या प्रारंभी ‘शक्य तितक्या सर्व लोकांना’ वाजवी दरात सेवा देण्याचा उल्लेख आहे. पण त्यासाठी ना निधी होता, ना स्पष्ट बंधन. ती तरतूद १९९६ च्या कायद्यात आली. परवडणाऱ्या सेवेचा वारसा व्हेल यांच्यापर्यंत मागे नेण्याचे काम, म्यूलर यांच्या मते, १९७० च्या दशकात स्पर्धेला तोंड देणाऱ्या एटी अँड टीनेच केले. उपलब्ध पुरावा या मताकडे अधिक झुकतो. ग्रामीण भागात दूरध्वनी पसरला, तोही बराचसा स्पर्धेच्या काळात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

अर्थव्यवस्था : मक्तेदारीच्या काळात लांब पल्ल्याच्या महाग कॉलच्या उत्पन्नातून स्थानिक सेवेचा तोटा भरून निघे. स्पर्धा आली, की नवे पुरवठादार नेमके तेच किफायतशीर कॉल पळवितात. १ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टीचे विभाजन झाल्यावर हा प्रश्न उघड झाला. त्यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे सर्व कंपन्यांच्या महसुलातून निधी उभारणे. चिलीने १९९४ मध्ये असा निधी स्थापून उलट्या लिलावाची पद्धत रूढ केली. तीत ठरावीक गावांना सेवा देण्यासाठी सर्वांत कमी अनुदान मागणाऱ्या कंपनीला काम मिळते.

भारत : सी-डॉट (स्थापना १९८४) या शासकीय दूरसंचार संशोधन संस्थेने बनविलेले १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित एक्सचेंज १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. ते वातानुकूलनाशिवाय, उन्हाळ्यात व धुळीतही चालत असे. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत सर्व गावांत दूरध्वनीचे उद्दिष्ट ठेवले. ते साधले नाही, हे १९९९ च्या धोरणानेच नमूद केले. १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी अस्तित्वात आला व पुढील वर्षी त्याला वैधानिक दर्जा मिळाला. परवानाधारक कंपन्यांच्या समायोजित ढोबळ महसुलाच्या (ठरावीक वजावटींनंतरच्या एकूण उत्पन्नाच्या) ५ टक्के आकारणी त्यासाठी होते. ही रक्कम आधी भारताच्या एकत्रित निधीत जमा होते आणि संसदेच्या मंजुरीने निधीला मिळते. वसुली व विनियोग यांत अंतर पडते ते येथे. हा भार अखेर ग्राहकाच्याच बिलात उतरतो, म्हणून तो ठरल्या कामी वेळेवर खर्च होणे अगत्याचे आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीला ‘डिजिटल भारत निधी’ असे नाव दिले.

सामाजिक परिणाम : टोकियोतील दूरध्वनींची संख्या संपूर्ण आफ्रिका खंडातील संख्येहून अधिक आहे, याकडे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने नेमलेल्या मेटलंड आयोगाने (१९८४) लक्ष वेधले, तेव्हापासून या विषयाला आंतरराष्ट्रीय महत्त्व आले. परिणामांचे मोजमाप मात्र अवघड आहे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा केरळमधील मच्छीमारांचा अभ्यास (२००७) वारंवार उद्‌धृत होतो. मोबाइल येण्यापूर्वी एका बंदरावर तारली मासळीला गिऱ्हाईक नसे, तर जवळच्याच दुसऱ्या बंदरावर ती कमी पडे. समुद्रातूनच भाव विचारता येऊ लागल्यावर बंदराबंदरांतील भावांची तफावत आटली व मासळी फेकून देणे जवळजवळ थांबले. मात्र कर्जाने दलालाशी बांधलेल्या मच्छीमाराला बंदर निवडण्याची मोकळीक कितपत असते, असा आक्षेप नंतरच्या अभ्यासकांनी घेतला असून तो सबळ आहे. शिवाय तेथील मोबाइल जाळे सार्वत्रिक सेवेच्या बंधनातून उभे राहिलेले नव्हते, त्यामुळे हा दाखला या धोरणाच्या बाजूने जपूनच वापरावा लागतो.

सेवा देण्याचे बंधन घालणारी राज्यसंस्था ती बंदही करू शकते. भारतात २०१७ च्या नियमांनी सेवा तात्पुरती खंडित करण्याची कार्यपद्धती घालून दिली. जम्मू व काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी बेमुदत असू शकत नाही आणि तिचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असा निर्णय दिला; इंटरनेटद्वारे होणारी अभिव्यक्ती व व्यवसाय यांना राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ चे संरक्षणही त्यात मान्य झाले. इंटरनेटची जोडणी मिळणे हा मूलभूत हक्क आहे काय, या प्रश्नावर न्यायालयाने त्या प्रकरणात मत दिले नाही.