रेंज आहे, रिचार्ज आहे, मग मॉडेम बंद का पडतं?

शेतावरचा पंप मोबाइलवरून चालू करणारं यंत्र कोथरूडमध्ये टेबलावर झकास चालतं आणि मुळशीत नेलं की मिनिटामिनिटाला बंद पडतं. मग सिम बदललं जातं, टॉवरला शिव्या बसतात. खरा दोष बहुतेक वेळा वीतभर बारीक वायरीत असतो.

अशा यंत्रात सिम घालून मोबाइल नेटवर्कशी बोलणारा भाग म्हणजे मॉडेम. उदाहरण म्हणून पुण्याच्या बुधवार पेठेत मिळणारं सिम800एल पाहू. ते फक्त 2जीवर चालतं आणि जिओचं 2जी नेटवर्कच नाही, त्यामुळे जिओचं सिम त्यात कधीच रजिस्टर होणार नाही. त्याला 3.4 ते 4.4 व्होल्ट लागतात. हा आकडा नीट लक्षात ठेवा.

2जीमध्ये एकाच फ्रीक्वेन्सीवर आठ जण पाळीपाळीने बोलतात. एक फेरी 4.615 मिलिसेकंदांची, त्यात प्रत्येकाच्या वाट्याला 577 मायक्रोसेकंद. आपली पाळी आली की मॉडेम जोर लावून लहरी सोडतं, बाकीच्या सात पाळ्यांत गप्प. म्हणजे सेकंदाला साधारण 217 झटके. जुन्या फोनवर कॉल येण्याआधी शेजारचा स्पीकर टर्रटर्र करायचा, तो याच झटक्यांचा आवाज.

एका झटक्याला 2 अँपिअरपर्यंत करंट लागतो. मल्टिमीटर मात्र सरासरी दाखवतो, म्हणजे जेमतेम पाव अँपिअर. इथेच फसगत होते. वायर आणि सांधे मिळून 0.4 ओहम रोध असेल, तर झटक्याच्या क्षणी 0.8 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. 4 व्होल्टचे 3.2 झाले की मॉडेम मान टाकतं आणि पुन्हा सुरू होतं. त्याचा एलईडी पाहा. नेटवर्क शोधताना तो साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो, मिळाल्यावर तीन सेकंदांनी एकदा. सारखा सेकंदा-सेकंदाच्या लुकलुकीवर परत येत असेल, तर आधी व्होल्टेज तपासा.

टेबलावर हे का होत नाही? टॉवर जवळ असला की तो मॉडेमला 'हळू बोल' सांगतो. डोंगराआड 'ओरड' सांगतो आणि मॉडेम पूर्ण 2 वॉट लावतं. मोबाइलवर चिकटवायचे 'रेडिएशनरोधक' स्टिकर विकणाऱ्यांना हे विचारून बघा. स्टिकरने खरोखर लहरी अडवल्या, तर फोन उलट जास्त जोराने ओरडेल. त्या स्टिकरवर पैसे घालवू नका.

'1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (विजेचा छोटा साठा करणारा भाग) लावा' हा सल्ला सर्रास मिळतो, पण तो अपुरा आहे. 2 अँपिअर गुणिले 577 मायक्रोसेकंद म्हणजे 1.15 मिलिकूलंब. एवढा भार त्या कपॅसिटरने एकट्याने उचलला, तर व्होल्टेज 1.15 व्होल्टने घसरेल. म्हणून 3 अँपिअरचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवून देणारं सर्किट) 4 व्होल्टवर लावा, वायर जाड आणि आखूड ठेवा आणि 2200 मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर मॉडेमच्या अगदी पायांशी डागा. मॉडेमला हुकूम देणाऱ्या आर्डुइनो बोर्डाच्या 5 व्होल्ट पिनवरून सप्लाय घेऊ नका.

त्यानंतर मॉडेमला 'एटी+सीएसक्यू' (AT+CSQ) ही सिग्नल किती येतो ते विचारणारी आज्ञा द्या. उत्तर 0 ते 31 मध्ये येतं. 99 आलं तर सिग्नल मोजताच आलेला नाही. 10च्या खाली असेल तर अँटेना बघा. ती बऱ्याचदा लोखंडी स्टार्टर पेटीत कोंडलेली असते. केबल पेटीबाहेर काढून अँटेना खांबावर चढवा. आकडा वाढला की टॉवर आवाज कमी करायला सांगतो आणि तो 2 अँपिअरचा झटकाही लहान होतो.