विद्यापीठीय वल्हेकरी, व्हिक्टोरियाकालीन

विद्यापीठीय वल्हेकरी, व्हिक्टोरियाकालीन : (१८३७–१९०१). ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज विद्यापीठाच्या आठ वल्ह्यांच्या शर्यती नावेत निवडला गेलेला विद्यार्थी. या दोन विद्यापीठांतील पहिली शर्यत टेम्स नदीवर हेन्ली येथे १० जून १८२९ रोजी झाली व ती ऑक्सफर्डने जिंकली. लंडनमधील पटनी ते मॉर्टलेक (सु. ६·८ किमी.) हा मार्ग १८४५ मध्ये आला, १८५६ पासून शर्यत वार्षिक झाली.

वल्हे नावेच्या काठाबाहेर टेकवणारी लोखंडी चौकट (आउटरिगर) या शर्यतीत १८४६ मध्ये वापरात आली. तिचे श्रेय बहुधा ईशान्य इंग्लंडमधील टाइन नदीवरील वल्हेकरी व नाव-बांधणीकार हेन्री क्लॅस्पर यास देतात. परंतु तत्पूर्वीही असे प्रयोग झालेले असल्याने, त्याने ती सुधारून रूढ केली, असे मानणे अधिक युक्त. वल्हेकऱ्याला नावेत पुढे-मागे सरकू देणारी सरकती बैठक या शर्यतीत १८७३ मध्ये आली.

सरावकाळात अर्धकच्चे गोमांस वा मेंढीचे मांस, शिळा पाव आणि बेताची बिअर असा आहार असे. पाणी कमी पिण्याच्या प्रथेवर ऑक्सफर्डच्या व्यायामशाळेचे चालक आर्चिबाल्ड मॅक्लारेन यांनी १८६६ मध्ये टीका केली.

वल्हविण्याच्या श्रमांनी आयुष्य घटते काय, हा खरा वादविषय. शल्यचिकित्सक फ्रेडरिक स्काय यांनी १८६७ मध्ये टाइम्स या वृत्तपत्रातून ही शर्यत प्रकृतीस घातक ठरविली. मँचेस्टरचे वैद्य व स्वतः ऑक्सफर्डला वल्हविलेले जॉन मॉर्गन यांनी १८२९–६९ मधील २९४ वल्हेकऱ्यांचा माग काढून १८७३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : ११५ जणांना लाभ, १६२ जणांना अपाय नाही, १७ जणांना अपाय; सरासरी आयुर्मान अपेक्षेहून सु. दोन वर्षांनी अधिक. मात्र लाभ-अपायाची विभागणी बव्हंशी वल्हेकऱ्यांच्या वा त्यांच्या आप्तस्नेह्यांच्या सांगण्यावर आधारलेली होती. शिवाय तुलना सर्वसाधारण इंग्रज लोकसंख्येशी होती; सुखवस्तू घरातील, निवडून घेतलेला धट्टाकट्टा तरुण तिच्याहून अधिक जगला तर त्याचे श्रेय वल्ह्याला देता येत नाही. हार्टली व लूएलिन या संशोधकांनी १९३९ मध्ये आयुर्विमाधारकांशी तुलना केली, तीही वल्हेकऱ्यांना अनुकूल निघाली. परंतु विमाधारक हा गटही पुरेसा समतुल्य नव्हे. संशोधक रूक यांनी १९५४ मध्ये केंब्रिजच्या खेळाडूंची तुलना तेथीलच इतर विद्यार्थ्यांशी केली, तेव्हा आयुर्मानात फारसा फरक आढळला नाही. तुलनेची ही पद्धत अधिक ग्राह्य वाटते.