इ. स. १६६

इ. स. १६६ : रोमन साम्राज्य आणि हान राजवटीचा चीन यांच्यातील पहिल्या नोंदलेल्या थेट संपर्काचे वर्ष. रोममध्ये हे वर्ष सर्व्हिलियस पुडेन्स आणि फुफिडियस पोलिओ या दोन कौन्सुलांच्या (दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या) नावाने लिहिले जाई. चीनमध्ये ते हुआन सम्राटाच्या यान्शी कालखंडाचे नववे वर्ष होते. पश्चिम भारतातील क्षत्रपांच्या कालगणनेत, म्हणजे पुढे शालिवाहन शक म्हणून रूढ झालेल्या गणनेत, तेव्हा ८८ वे वर्ष चालू होते. ही तिसरी गणना येथे मुद्दाम दिली आहे, कारण रोम आणि चीन यांच्यामधला समुद्रमार्ग भारताच्या किनाऱ्यावरूनच जात होता.

संपर्काची हकीकत ‘होउ हान शू’ या चिनी इतिहासग्रंथात येते. फान ये याने तो पाचव्या शतकात सिद्ध केला. या वर्षी दाछिनचा, म्हणजे रोमचा, राजा आन्दुन याचे दूत रिनानच्या सीमेपलीकडून आले आणि त्यांनी हस्तिदंत, गेंड्याची शिंगे व कासवाचे कवच सम्राटाला नजर केले, असे तो सांगतो. रिनान हा आजच्या मध्य व्हिएतनाममधला, हान साम्राज्याचा अगदी दक्षिणेकडचा प्रांत. आन्दुन म्हणजे अँटोनायनस. अँटोनायनस पायस १६१ मध्येच वारला होता. पण त्याचा दत्तक पुत्र व वारस मार्कस ऑरीलियस हाही तेच नाव लावत असे. त्यामुळे दूत नेमके कोणाच्या नावाने आले, याचा उलगडा एवढ्यावरून होत नाही.

नोंदीतले पुढचे वाक्य अधिक मोलाचे आहे. नजराण्यात दुर्मिळ किंवा अपूर्व असे काहीच नव्हते, तेव्हा दाछिनच्या वैभवाची पूर्वापार वर्णने खरी होती की नाही, अशी शंका इतिहासकार तेथेच नोंदवतो. शंका रास्त होती. हस्तिदंत, शिंगे आणि कवच हा दक्षिणेकडच्या बंदरांतला नेहमीचा माल. भूमध्य समुद्राकाठची काच, सोन्याची नाणी किंवा पोवळी त्यात नाहीत. या वकिलातीचा उल्लेख एकाही लॅटिन वा ग्रीक ग्रंथात सापडत नाही. सम्राटाचे वकील म्हणून पुढे झालेले हे लोक बहुधा व्यापारीच असावेत. वाटेत खरेदी केलेला माल त्यांनी पुढे केला असणार. लोयांगच्या, म्हणजे हान राजधानीच्या, दरबारात परक्या व्यापाऱ्यापेक्षा परक्या राजाच्या दुताला मान अधिक होता. तरीही रोमन जगातली माणसे तोवर चीनच्या दारापर्यंत जात होती, हे या नोंदीवरून दिसते. दक्षिण व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या मुखाजवळच्या ओक-एओ येथे अँटोनायनस पायस आणि मार्कस ऑरीलियस यांच्या काळातली रोमन सुवर्णपदके उत्खननात मिळाली आहेत.

समुद्रमार्ग धरण्याचे कारणही याच ग्रंथात आहे. चिनी रेशमाचा व्यापार आपल्याच हाती राहावा म्हणून पार्थियन लोक (आजच्या इराण-इराकमधले राज्यकर्ते) दाछिनची वाट अडवत, असे तो म्हणतो. त्यापूर्वी, ९७ मध्ये, सेनापती बान छाव याने गान यिंग नावाचा अधिकारी दाछिनकडे धाडला होता. तो पश्चिमेकडच्या समुद्रापर्यंत पोहोचला. पण वारा अनुकूल नसेल तर पलीकडे जायला दोन वर्षे लागतात, असे तिथल्या खलाशांनी सांगितल्यावर माघारी फिरला. भारतातून मात्र १५९ आणि १६१ मध्ये रिनानमार्गेच दूत चीनला आल्याच्या नोंदी आहेत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा, कल्याण, पैठण आणि तगर (तेर) यांची नावे येतात, आणि चीनचे रेशीम बॅक्ट्रियामार्गे (आजच्या उत्तर अफगाणिस्तानातून) भडोचला उतरते असेही सांगितले आहे. म्हणजे रोमकरांच्या हाती पडणाऱ्या रेशमाचा काही भाग आपल्याच किनाऱ्यावरून जहाजात चढत होता.

रोमच्या दृष्टीने हे वर्ष आधी विजयाचे, मग आपत्तीचे. पार्थियाशी १६१ पासून चाललेले युद्ध संपले होते. अव्हिडियस कॅसियसच्या सैन्याने टायग्रिसकाठची सेल्यूशिया आणि टेसिफॉन ही शहरे घेतली होती. १२ ऑक्टोबर १६६ रोजी मार्कस ऑरीलियस आणि त्याचा सहसम्राट लूशियस व्हेरस यांनी रोममध्ये विजयोत्सव केला. त्याच दिवशी मार्कसचा पाच वर्षांचा मुलगा कॉमोडस आणि त्याचा धाकटा भाऊ यांना सीझर ही वारसाची पदवी मिळाली.

पण परतणाऱ्या सैन्याबरोबर साथही आली होती. सेल्यूशियात अपोलोच्या देवळात लूट शोधताना सैनिकांनी एक फट उघडली आणि त्यातून रोग बाहेर पडला, अशी कथा पुढे सांगितली गेली. वैद्य गॅलन याने ताप, पुरळ आणि त्यावर धरणाऱ्या काळ्या खपल्यांचे वर्णन केले आहे. त्यावरून ही देवीची साथ असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात. खुद्द गॅलन याच वर्षी रोम सोडून आपल्या पर्गामॉन या गावी गेला. दोन वर्षांनी सम्राटांनी त्याला परत बोलावले. साथीने छावण्या रिकाम्या केल्या, आणि जवळपास त्याच सुमारास डॅन्यूब ओलांडून लँगोबार्ड या जर्मॅनिक टोळ्या पॅनोनिया या रोमन प्रांतात शिरल्या. उत्तर सरहद्दीवरचे युद्ध मार्कसला मरेपर्यंत, १८० पर्यंत, पुरले.

लोयांगमधले संकट बाहेरून आलेले नव्हते, ते घरचेच होते. १५९ मध्ये सर्वसत्ताधीश होऊन बसलेल्या ल्यांग ची याला हुआनने खोज्यांच्या मदतीने संपवले, आणि त्या उपकाराची किंमत म्हणून राज्यकारभार खोज्यांच्या हाती गेला. विद्वान अधिकाऱ्यांना हे सहन होईना. १६६ मध्ये ली यिंग या करारी अधिकाऱ्याने, सार्वत्रिक माफी जाहीर झालेली असतानाही, चांग छंग नावाच्या ज्योतिष्याच्या खुनी मुलाला देहदंड दिला. ज्योतिष्याचे दरबारातल्या खोज्यांशी लागेबांधे होते. ली यिंग आणि त्याचे साथीदार कट करून सम्राटाची बदनामी करतात, अशी तक्रार गेली आणि सुमारे दोनशे जणांच्या अटकेचे हुकूम सुटले. या अटकांना विरोध करणाऱ्या छन फान या बड्या अधिकाऱ्याला पद गमवावे लागले. पुढच्या वर्षी सम्राज्ञीचा पिता दोउ वू याच्या रदबदलीने कैदी सुटले; मात्र त्यांची नावे नोंदवून घेऊन त्यांना आजन्म सरकारी पदांना मुकवले गेले. हान राजवटीने आपलीच सर्वांत जाणती माणसे दूर लोटली, आणि माझ्या मते दुतांच्या नजराण्यापेक्षा ही या वर्षातली कितीतरी मोठी घटना होय.

याच वर्षी श्यांग खाय या विद्वानाने सम्राटाला खरमरीत निवेदन दिले. राजवाड्यात ताओ मताचा प्रवर्तक लाओत्झू आणि बुद्ध यांची पूजा होते, पण त्यांची शिकवण संयमाची असताना सम्राट भोगात बुडालेला आहे, असा त्याचा रोख होता. चिनी राजवाड्यातल्या बुद्धपूजेचा हा आरंभीचा पुरावा म्हणून भारतीय वाचकाला तो विशेष महत्त्वाचा वाटेल.

हुआन १६८ च्या आरंभी वारला, तर लूशियस व्हेरस १६९ मध्ये. दाछिनहून माणसे नंतरही येत राहिली. २२६ मध्ये आलेला छिन लुन याने आपण व्यापारी असल्याचे लपवले नाही. हान राजवट संपल्यावर दक्षिण चीनमध्ये उभ्या राहिलेल्या वू राज्याचा अधिपती सुन छुआन याने त्याला त्याच्या देशाबद्दल विचारले, परतताना सोबत एक अधिकारी दिला, आणि तो अधिकारी वाटेतच मरण पावल्याने छिन लुन एकटाच पुढे गेला.