कापूस पाणी पितो म्हणे, पण कुठला कापूस?

"एका टी-शर्टला 2700 लिटर पाणी लागतं, सुती कपडे घेऊच नका" हे फॉरवर्ड किती वर्षं फिरतंय आणि लोक डोळे झाकून पुढे ढकलतात. आकडा हवेतला नाहीये, पण ती जगाची सरासरी आहे आणि त्यात शेतावर पडलेला पाऊसही धरलाय, म्हणजे कपाशी नसती तरी जो पडलाच असता तो. आता यवतमाळ-वर्ध्याकडे बघा, तिथली बहुतेक कपाशी कोरडवाहू, जूनमध्ये पाऊस झाला की काळ्या मातीत सरकी टोबायची आणि पुढे सगळं आभाळावर, विहीर असली तर एखाददुसरं ओलित, बस्स. त्या शेतकऱ्याला पाणीचोर ठरवणं मला अजिबात पटत नाही. मध्य आशियातलं अरल समुद्र नावाचं मोठं सरोवर आटलं हे खरंच, पण तिथे सोव्हिएत काळात वाळवंटी भागात कापसासाठी नद्याच कालव्यांनी वळवल्या, ते गणित विदर्भाला कसं लावणार? इथला खरा प्रश्न फवारणीचा आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर गेले, त्यावर बोला ना. आणि कापूस सोडून पॉलिस्टर घ्या म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं की ते पेट्रोलियमपासून बनतं आणि धुताना त्याचे बारीक प्लॅस्टिकचे तंतू पाण्यात जातात.