नव्वद डेसिबल, आठ तास: या मर्यादेमागचा इतिहास

कारखान्यातल्या आवाजासाठी आपल्याकडे एक तक्ता वापरतात: 90 डेसिबल (ए), म्हणजे माणसाच्या कानाला जाणवतो त्या हिशेबाने मोजलेला आवाज, असेल तर आठ तास, 95 ला चार, 100 ला दोन, 105 ला एक, आणि 115 च्या वर अजिबात नाही. केंद्राच्या आदर्श कारखाने नियमांत तो आहे. तो मूळचा अमेरिकेचा. ज्या गृहीतकावर तो उभा आहे, ते आपल्या यंत्रमागांच्या शेडला लागू पडत नाही.

ठोकाठोकीने कान जातात हे इटलीचे वैद्य रामाझिनी यांनी 1713 सालीच व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहून ठेवलं होतं. मोजून दाखवलं ते ग्लासगोचे डॉ. थॉमस बार यांनी, 1886 मध्ये. बॉयलर बनवणारे, लोखंडाचे ओतारी आणि टपाल वाटणारे असे प्रत्येकी शंभर जण घेऊन, खिशातल्या घड्याळाची टिकटिक कानापासून किती अंतरावर ऐकू येते हे त्यांनी तपासलं. बॉयलरवाल्यांत एकाचाही कान पूर्ण शाबूत निघाला नाही. बाहेरून रिव्हेटवर घण पडत असताना बॉयलरच्या आत बसून तो रिव्हेट दाबून धरणं हे यातलं सगळ्यात घातक काम.

आवाजमापकाचं पहिलं अमेरिकी प्रमाण 1936 मध्ये आलं. कायद्याने मर्यादा मात्र थेट 1969 मध्ये, सरकारी कंत्राटांवरच्या कारखान्यांसाठी: 90 डेसिबल, आणि दर 5 डेसिबलला वेळ निम्मा. भौतिकशास्त्राप्रमाणे 3 डेसिबल वाढले की ध्वनिऊर्जा दुप्पट होते, म्हणजे वेळ 3 लाच निम्मा व्हायला हवा. वरच्या 2 डेसिबलची सूट कशासाठी? पाळीत अधूनमधून शांतता मिळते आणि कान सावरतो, या गृहीतकापोटी. अमेरिकेच्याच नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने 1972 मध्ये 85 डेसिबलच्या मर्यादेची आणि 1998 मध्ये 3 डेसिबलच्या हिशेबाची शिफारस केली.

आता भिवंडी-इचलकरंजीतली धोट्याच्या मागांची शेड बघा. आवाज सहज शंभरीला पोचतो, आणि माग थांबत नाहीत. अशा 100 डेसिबलला जुना तक्ता दोन तास देतो. 85 आणि 3 च्या हिशेबाने फक्त 15 मिनिटं मिळतात. पाळी बारा तासांची असेल तर 90 ही मर्यादाच उरत नाही. जुन्याच तक्त्याने ती 87 वर येते.

म्हणून कामगाराच्या खांद्यावर डोसमीटर (पाळीभर कानावर पडलेला एकूण आवाज मोजणारं छोटं यंत्र) लावून पूर्ण पाळी मोजावी, आधी आणि नंतर ते ठरावीक 94 डेसिबलचा आवाज काढणाऱ्या कॅलिब्रेटरने तपासून. शेडच्या मध्यावर पाच मिनिटं मीटर धरून काढलेला आकडा शेडचा असतो, माणसाचा नव्हे.

इअरप्लग दिले की काम झालं, हा समज महागात पडतो. पाकिटावर आवाज किती डेसिबलने कमी होतो त्याचा आकडा 29 लिहिलेला असेल तर अमेरिकी पद्धतीने त्यातून 7 वजा करून निम्मे धरतात, म्हणजे 11. शिवाय आठ तासांत एकच तास प्लग काढला, तरी 3 डेसिबलच्या हिशेबाने त्याचा प्रत्यक्ष लाभ 9 डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही. झिजलेले पिकर (धोट्याला टोला देणारे) आणि बफर (धक्का झेलणारे) वेळेवर बदलणं, सैल भाग आवळणं आणि कांड्या भरण्याचं काम वेगळ्या खोलीत नेणं, हे आधी करायचं.

ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावर, पहिला खड्डा 4000 हर्ट्झच्या आसपास पडतो. बोलणं तेव्हा नीट ऐकू येत असतं, त्यामुळे कामगार तक्रार करत नाही. कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत हा बहिरेपणा कळवण्याजोगा आजार होता, आणि तो आढळला की मुख्य कारखाने निरीक्षकांना कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक होतं; नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे.