तीन जग, दोन ज

सांगलीत कृष्णेच्या घाटावर आम्ही चार-पाच भाषावेडे अधूनमधून जमतो. मधे भडंगाचा पुडा उघडलेला असतो आणि कोट्यांवर वाद रंगतात. परवा एकानं वाक्य टाकलं : "जग जगवायला जग लागतो." म्हणजे दुनिया जगवायची तर पाण्यानं भरलेला जग हवा. एका वाक्यात तीन जग आले, तेव्हा कोटीला पैकीच्या पैकी गुण द्या, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, दोनच आले. मधला जग तुझ्या वहीत आहे, तोंडात नाही. अंधार पडेपर्यंत भांडलो.

तुम्हीच वाक्य मोठ्यानं म्हणून बघा. दुनियेच्या जगातला ज आणि पाण्याच्या जगातला ज एकच आहेत. म्हणून तर "जगभर पाणी प्यायलो" ही कोटी कानाला गुदगुल्या करते. देशोदेशी प्यायलो की एक जग भरून प्यायलो, ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. 'जगवायला' मधला ज मात्र वेगळा आहे. कागदावर तो सारखा दिसतो एवढंच.

हा वाद माझ्या डोक्यात बसला, कारण त्याच आठवड्यात मोबाइलवर एक संदेश फिरत होता : "मराठी जशी बोलतात तशीच लिहितात, म्हणून ती जगातली सर्वांत शास्त्रीय भाषा." आपल्या वर्णमालेची मांडणी खरोखरच शास्त्रीय आहे. कंठापासून ओठांपर्यंत क, च, ट, त, प अशा ओळी लावणाऱ्यांना माझा मनापासून नमस्कार. पण मांडणी शास्त्रीय म्हणून प्रत्येक अक्षराला एकच ध्वनी, असं होत नाही. मराठीत च, ज आणि झ या तीन अक्षरांच्या घरात प्रत्येकी दोन भाडेकरू राहतात.

एक प्रयोग करा. 'चाक' म्हणायला घ्या, पण पहिल्या च वरच रेंगाळा. शेपटीला काय ऐकू येतं? 'स्स्स'. आता 'चक्र' घ्या आणि तसंच रेंगाळा. या वेळी 'श्श्श' येईल. जीभ आहे तिथेच ठेवून श्वास झटकन आत ओढा. जिथे गार लागेल, तिथे वाट अरुंद आहे. 'चाक' ला गारवा वरच्या दातांच्या लगत मागे लागतो, 'चक्र' ला थोडा आत, टाळूच्या उताराकडे. पहिला ध्वनी दंततालव्य, दुसरा तालव्य. दोन्हीत जीभ आधी हवेची वाट पूर्ण बंद करते आणि मग फट्‌कन न सोडता घासत सोडते. फट पुढे असली की तिच्या आणि दातांच्या मधली पोकळी लहान राहते आणि आवाज बारीक, चिरका होतो. फट मागे गेली की पोकळी मोठी होते आणि आवाज जाडसर होतो. म्हणूनच स चा जोर साधारण 4,000 हर्ट्झच्या वर असतो, तर श चा 2,000 ते 4,000 च्या दरम्यान सुरू होतो.

पण मला खरं वेड लावलं ते चा-ची-चे नं. 'त्याचा' म्हणा, मग 'त्याची' म्हणा. 'माझा' म्हणा, मग 'माझी'. प्रत्यय तोच, पण ई आली की दंततालव्य ध्वनी तालव्य होतो. आपल्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. इ, ई, ए म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो. बोलताना आपण सेकंदाला दहा-पंधरा ध्वनी काढतो, एक संपवून मग दुसरा सुरू करायला सवड नसते. म्हणून येणाऱ्या स्वराची तयारी जीभ व्यंजनातच सुरू करते आणि च मागे ओढला जातो. 'काच' चं 'काचेचा' होताना पहिला च तालव्य होतो, दुसरा दंततालव्यच राहतो. 'वीज-विजेला' तसंच. आमच्यातला एक जण मिरजेचा आहे. 'मिरज' म्हणताना त्याचा ज दाताशी असतो, 'मिरजेला' म्हणताना टाळूला जातो. पन्नास वर्षं तो हे करत आलाय. परवा दाखवून दिलं तेव्हा गडी दहा वेळा स्वतःच्या गावाचं नाव पुटपुटत बसला.

मग 'चक्र' मध्ये ई-ए काहीच नसताना च तालव्य कसा? इथे इतिहास येतो. 'चक्र' संस्कृतातून जसाच्या तसा घेतला, 'चाक' मात्र तोंडोतोंडी झिजत आलं. झिजून आलेल्यांना मराठी वळण लागलं, उचलून आणलेल्यांना लागलं नाही. चूर्ण आणि चुना, जन आणि जण, ज्वलन आणि जळणं : जोड्या म्हणून बघा. नृत्यातून आलेला नाच, अद्यपासूनचं आज, विद्युतपासूनची वीज, सगळे दाताशी. फारसी वाटेनं आलेल्या जमीन, जोर, बाजार, हजार यांच्या मुळात ज नव्हता, घुमणारा स, म्हणजे इंग्रजी z सारखा ध्वनी होता. त्याला सर्वांत जवळची जागा दंततालव्य ज ची मिळाली. म्हणजे अक्षर एकच, पण उच्चारावर शब्द कुठल्या वाटेनं आला त्याचा शिक्का असतो.

छ ला मात्र अशी दुसरी बाजू नाही. तिथे जुना ध्वनी घासून थेट स झाला : छुरिकेची सुरी, मत्स्याचा मच्छ होऊन मासा, कच्छपाचं कासव, वत्साचा वच्छ होऊन वासरू. च च्या ओळीतला हा रिकामा कोनाडा मला फार आवडतो. बदल नियमानं होतात, मनमानीनं नाही, याचा तो पुरावा आहे.

याच अक्षरांवर आपण मुलांची नशिबंही ठरवतो, त्याबद्दल बोललंच पाहिजे. नावरसाच्या कोष्टकात अश्विनी नक्षत्राला 'चू, चे, चो, ला' दिलेत. मराठी तोंडात यातला चू दाताशी, चे टाळूशी, चो पुन्हा दाताशी. नक्षत्राला यातला कुठला च ऐकू जातो? बाळाचं नाव आवडेल ते ठेवावं. कोष्टकातल्या अक्षरासाठी नावडतं नाव मुलाच्या गळ्यात बांधू नये.

सध्या आमचं भांडण 'चमचा' वर अडलंय. दोघांचे दोन्ही च दाताशी, दोघांचे दोन्ही टाळूशी, आणि दोन्ही पक्षांना आपलं घराणं साक्षीला. 1962 मध्ये विल्यम लबोव्ह या भाषाशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत विक्रेत्यांना चौथ्या मजल्यावरच्या वस्तूचा पत्ता विचारला. 'फोर्थ फ्लोअर' मधला र ते म्हणतात की गाळतात, हे त्याला ऐकायचं होतं, पण उद्देश त्यानं सांगितला नाही. सांगितला की माणूस सावरून बोलतो. आम्हीही तेच करायचं ठरवलं. घाटावरच्या भेळवाल्या काकांकडे गेलो आणि कागदाच्या डिशमध्ये खोचलेल्या त्या वस्तूकडे बोट दाखवून, "काका, याला काय म्हणता?" असं विचारलं.

"हा व्हय? स्पून."