जड धातूंचे मृदा-प्रदूषण (इंदूर परिसर)

शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त इत्यादी धातूंचे मातीतील प्रमाण मूळ खडकातून आलेल्या साठ्यापेक्षा वाढून पिके, सूक्ष्मजीव वा माणसे यांना अपायकारक ठरणे. घनता दर घ. सेंमी.ला 5 ग्रॅमहून अधिक, ही जड धातूची रूढ कसोटी. आर्सेनिक हा उपधातू असूनही सोयीसाठी त्यांतच धरतात. सेंद्रिय प्रदूषके कालांतराने विघटित होतात; धातू नुसते रूप पालटतात.

इंदूरच्या बाबतीत ‘मूळ खडक’ हाच वादाचा मुद्दा आहे. माळव्याची काळी माती सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खन बेसॉल्टपासून बनलेली आहे. बेसॉल्टची रूढ जागतिक सरासरी किलोमागे क्रोमियम 170, निकेल 130 आणि तांबे 87 मिग्रॅ. अशी दिली जाते. ग्रॅनाइटात हे आकडे कितीतरी कमी असतात. त्यामुळे भूकवचाच्या सरासरीशी तुलना केली, की जिथे कधी कारखान्याचे धुराडे दिसले नाही असे शेतही ‘प्रदूषित’ ठरू शकते. एक पक्ष हे आकडे उद्योगांच्या नावे मांडतो, दुसरा सगळे खडकावर ढकलतो. शिशाचा दाखला अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण बेसॉल्टात ते किलोमागे जेमतेम 6 मिग्रॅ. असते, वाढलेले शिसे बहुधा बाहेरूनच आलेले. आग्रा–मुंबई रस्त्याकडेच्या मातीत त्याचा एक मार्ग शिसेयुक्त पेट्रोलचा. ते पेट्रोल 2000 साली देशभर बंद झाले, पण मातीला धरून बसलेले शिसे सहजी हलत नाही.

परीक्षणाच्या पद्धतीनेही निष्कर्ष बदलतात. हायड्रोफ्लुओरिक अम्लाने खनिजे पूर्ण विरघळतात, अम्लराजाने (नायट्रिक व हायड्रोक्लोरिक अम्लांच्या मिश्रणाने) अंशतः. डीटीपीए या धातू बांधून घेणाऱ्या रसायनाच्या द्रावणात पिकाला मिळू शकेल एवढाच भाग उतरतो. तिन्हींचे आकडे एका तक्त्यात मांडण्यात अर्थ नाही.

काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट (चिकणमातीचे एक खनिज) आणि चुनखडी शिसे, कॅडमियम यांना धरून ठेवतात. सामू (पीएच) बहुधा 7.5 ते 8.5. षट्‌संयुजी क्रोमियम मात्र ऋण आयनाच्या रूपात असल्याने अशा अल्कधर्मी मातीतून उलट सहज झिरपते. मेमध्ये जमिनीला मनगट आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसात वरचा गाळ त्यांतून खाली उतरतो, म्हणून केवळ वरच्या थराचा नमुना पुरेसा नाही.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी सरस्वती खान (कान्ह) नदीला मिळते. पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेत जाणाऱ्या या प्रवाहात शहराचे सांडपाणी आणि सांवेर रोडकडील उद्योगांचे पाणी येत आले आहे. त्यावर पिकणाऱ्या पालक, मेथी, कोथिंबिरीत कॅडमियम मुळांवाटे पानांपर्यंत पोचते. शिसे बव्हंशी मुळांशी अडते. पानांवर आढळणारे पुष्कळदा धूळ-गाळाचे असते आणि नीट धुतल्यास बरेच कमी होते. पोह्यांवर कच्ची कोथिंबीर भुरभुरणाऱ्या शहरात हा भेद महत्त्वाचा आहे. जस्त आणि तांबे अल्प प्रमाणात पिकांना आवश्यकच असतात. धातू वाढले की नत्र स्थिर करणारे जिवाणू मंदावतात. सोयाबीनच्या मुळांवर असेच जिवाणू वाढत असल्याने त्याच्या पट्ट्यात याला विशेष महत्त्व आहे.

कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी 1924–31 या काळात येथेच सिद्ध केली. तिच्यात पालापाचोळा, शेण, मूत्रमाती व राख एवढेच पडे. पुढच्या काळातील मिश्र शहरी कचऱ्यात बॅटऱ्या आणि रंगांचे डबेही आले. खत नियंत्रण आदेशाने (1985) शहरी कंपोस्टात किलोमागे शिसे 100, कॅडमियम 5, क्रोमियम आणि निकेल प्रत्येकी 50 मिग्रॅ. अशा मर्यादा घातल्या आहेत. गंमत अशी, की हे खत ज्या काळ्या शेतात पडायचे तेथील स्वच्छ मातीही क्रोमियमच्या मर्यादेत बसेलच असे नाही.

पीथमपूर (धार जिल्हा) येथे भोपाळच्या युनियन कार्बाइड आवारातील 337 टन कचरा 2025 मध्ये जाळण्यात आला. ज्वलनानंतर धातू राखेत उरत असल्याने तिच्या भूभरावाचा (जमिनीत पुरण्याचा) प्रश्न वेगळा.